ग्रीक अंकल आणि अर्धं राहिलेलं वाक्य

धूर परत आला आहे. सकाळी स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि चहाच्या वासाआधी जळक्या लाकडाचा वास आत शिरला. समोरच्या ब्लॉकचे वरचे मजले पुसट झाले होते, आणि सूर्य इतका मवाळ होता की त्याच्याकडे सरळ बघता येत होतं. समुद्रापलीकडे सुमात्रात रानं पेटतात, वारा फिरतो आणि इथे सिंगापुरात, सेरंगूनमध्ये, आमच्या वाळत घातलेल्या टॉवेलांना धुराचा वास येतो. एरवी मोबाइलमधून मान वर न काढणारी माणसं लिफ्टमध्ये एकमेकांना हवेचा, म्हणजे प्रदूषणाचा, आकडा विचारतात. दुकानांतले मास्क संपतात. शाळा मुलांना मैदानावर सोडत नाहीत. नेमक्या याच दिवसांत परीक्षा असतात, त्यामुळे घरोघरी बंद खिडक्यांच्या आत मुलं पुस्तकं घेऊन बसलेली असतात. चांगला पाऊस पडेपर्यंत हे असंच चालतं.

धुराच्या दिवसांत माझी चिडचिड होते. मिलिंद, म्हणजे माझा नवरा, म्हणतो की घसा खवखवतो म्हणून. घशाचा काही संबंध नाही. चिडचिड होते ती एका ग्रीक माणसामुळे. तो चोवीसशे वर्षांपूर्वी मेला, कसा मेला ते कुणालाही खात्रीने सांगता येत नाही, आणि काही वर्षांपूर्वीच्या अशाच एका धुराच्या हंगामात माझ्या लेकीने त्याला आमच्या घरात आणून बसवलं. लेक पुढे निघून गेली, हा मात्र अजून बसलेलाच आहे.

त्याचं नाव मी लिहीत नाही. एक तर ते जिभेला वळत नाही. मिलिंद एक म्हणतो, मी भलतंच म्हणते. शिवाय आमच्या घरात त्याला नावाने कुणी हाक मारतच नाही. सिंगापुरात वयाने मोठा असलेला प्रत्येक पुरुष अंकल असतो. टॅक्सीवाला अंकल, कॉफीवाला अंकल, खालच्या बागेत पोपटाचा पिंजरा घेऊन बसणारा अंकल. माझी लेक मित्रा इथेच वाढली. तिच्या हिशेबात चोवीसशे वर्षं वयाचा गृहस्थ अंकलशिवाय दुसरा कोण असणार? ग्रीक अंकल. आम्हालाही तेच सोयीचं पडलं.

त्या वर्षी मित्राची शाळेतली मोठी परीक्षा होती आणि अंकल तिच्या अभ्यासक्रमात नव्हता. म्हणूनच तो तिला आवडला असणार. गणिताच्या पुस्तकाखाली लायब्ररीतून आणलेलं त्याचं पुस्तक सापडायचं. अथेन्स आणि स्पार्टा यांच्यात वर्षानुवर्षं चाललेल्या युद्धाचा इतिहास. त्याच्या आधी आणखी एक ग्रीक इतिहासकार होऊन गेला, मोठा गोष्टीवेल्हाळ. आपल्या हिंदुस्थानात सोनं उकरणाऱ्या मुंग्या असतात, असं खुशाल लिहिणारा. तो घरात आला असता तर मला चाललं असतं. पण आमच्या वाट्याला आला हा कोरडा, शंकेखोर, कुणाच्याही शब्दावर विश्वास न ठेवणारा माणूस.

त्याच्याविषयी जे माहीत आहे ते जेमतेम मूठभर, आणि तेही बरंचसं त्यानेच जाता जाता सांगितलेलं. अथेन्सचा, खात्यापित्या घरचा, उत्तरेकडे सोन्याच्या खाणींवर हक्क असलेला. शहरात साथ आली तेव्हा त्यालाही रोग झाला. तो वाचला, आणि मग तहान कशी भागत नाही, आजाऱ्याजवळ जायला माणसं कशी घाबरतात, हे सगळं त्याने डॉक्टरच्या कोरडेपणाने लिहून ठेवलं. पुढे सेनापती झाला. एक शहर वाचवायला उशिरा पोचला. अथेन्सने त्याला हद्दपार केलं. वीस वर्षं परक्या मुलखात राहून त्याने इतिहास लिहिला. बायकोचं नाव नाही, चेहऱ्याची खात्री नाही. आणि कीर्ती मात्र अशी, की आजही कुठे दोन देश एकमेकांवर गुरगुरायला लागले की टीव्हीवर टाय लावलेली माणसं याचाच दाखला देतात.

"वीस वर्षं परदेशात?" मिलिंदने जेवता जेवता विचारलं होतं. "आणि राहायचा पास कोण रिन्यू करून देत होतं?"

मिलिंदला अंकलविषयी आपुलकी वाटायचं कारण वेगळं होतं. मिलिंद हे नाव मुळात एका ग्रीक राजाचं. त्या राजाने भिक्खूंना प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडलं आणि शेवटी धम्म स्वीकारला. आम्हा बौद्धांच्या घरांत दर पिढीत एखादा तरी मिलिंद निघतोच. तेव्हा ग्रीक म्हणजे आपलाच माणूस, आणि आपल्याच माणसाने आपल्या राजाविषयी लिहिलेलं असणारच, असं धरून तो मोकळा झाला. मंडळाच्या एका बैठकीत त्याने तसं ठासून सांगितलंसुद्धा. "पप्पा, तुमचा राजा अंकलनंतर दोन-अडीचशे वर्षांनी आला," मित्रा घरी आल्यावर इथल्या पोरांसारखा वाक्याला 'ला' जोडत म्हणाली. "हाउ कॅन ही राइट, ला?" मिलिंद म्हणाला, मुद्दा तो नाही. मुद्दा काय होता ते त्याने सांगितलं नाही.

मंडळ म्हणजे आमचं इथलं छोटं मंडळ. महाराष्ट्रातून आलेली बौद्ध कुटुंबं, बरेचसे इंजिनिअर, काही संशोधक. बुद्धपौर्णिमा, एप्रिलमधली जयंती आणि ऑक्टोबरातला धम्मचक्र प्रवर्तन दिन, एवढ्यासाठी आम्ही पांढरे कपडे घालून जमतो. त्या वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला स्मरणिका काढायचं ठरलं. स्मरणिका म्हणजे काय ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. चकचकीत कव्हर, अध्यक्षांचं मनोगत, सचिवांचं मनोगत, मुलांनी काढलेली चित्रं आणि पानोपानी शुभेच्छुक. त्यात 'मंडळाची वाटचाल' हा एक लेख लागतो. तो माझ्या गळ्यात पडला, कारण वर्षानुवर्षं अध्यक्ष मिलिंदच होता आणि अध्यक्षांच्या बायकोला नाही म्हणायची सोय नसते.

मी एका बैठकीत लेख उरकला. इवलंसं रोप, त्याचा वटवृक्ष, सर्वांच्या अथक परिश्रमांनी, वगैरे. मित्राला मराठी वाचायला वेळ लागतो म्हणून तिला वाचून दाखवला. ती पलंगावर पालथी पडून ऐकत होती.

"आई, हे तुला कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? सगळ्यांना माहितीये."

"सगळ्यांना माहितीये इज नॉट अ सोर्स. असं एनीहाउ लिहायचं नसतं, ला."

मग तिने अंकलची पद्धत समजावली. जे तिथे होते त्यांना विचारायचं. एकाच प्रसंगाला हजर असलेली माणसं वेगवेगळं सांगतात, कुणाला नीट आठवत नाही, कुणाला आपल्या बाजूचं जास्त आठवतं. म्हणून ताडून बघायचं. ऐकायला गोड लागेल ते नाही, झालं ते लिहायचं. आज टाळ्या मिळाल्या नाहीत तरी चालेल, पण लिहिलेलं टिकलं पाहिजे. सतरा वर्षांची मुलगी हे सांगत होती आणि तिच्या केमिस्ट्रीच्या वहीवर धूळ बसत होती. मी तिला अभ्यासाला बस म्हटलं, आणि तिच्या डोळ्यांदेखत माझा वटवृक्ष फाडून टाकला.

तिथपासून माझ्या नाकी नऊ आले. मी साधा प्रश्न विचारला होता: आपल्या मंडळाचा पहिला कार्यक्रम कुठे झाला? जो तो म्हणाला, आमच्याकडे. पुरावा म्हणून फोटो आले, आणि प्रत्येक फोटोत सोफा वेगळा. दोन जुनी मित्रकुटुंबं माझ्यामुळे एकमेकांशी बोलेनाशी झाली. वाद घालणाऱ्या सगळ्यांना एक गोष्ट मात्र माहीत होती आणि ती कुणी बोलत नव्हतं. सुरुवात यांच्यापैकी कुणाच्याही घरी झाली नव्हती. ती झाली होती हौगांगमध्ये, वत्सलाताईंकडे.

वत्सलाताईंचे यजमान शिपयार्डमध्ये सुपरवायझर होते. आमच्यापैकी बहुतेक जण यायच्या कितीतरी आधी ते दोघं नागपूरहून इथे आले. हौगांगच्या त्यांच्या फ्लॅटबाहेर रविवारी चपलांची रांग कॉरिडॉरभर जायची आणि शेजारची चिनी आजी त्या चपला पायाने नीट लावून ठेवायची. आत सतरंजी, भिंतीशी पांढऱ्या कापडावर मूर्ती, मेणबत्त्या. वंदना झाली की खीर. माझं नाव बुद्धाला खीर देणाऱ्या सुजाताचं असूनही खीर मला आजतागायत जमलेली नाही. वत्सलाताईंची खीर पातेल्याला न चिकटता दाट व्हायची. आणि खिरीनंतर ढोलकी. त्या स्वतः ढोलकी मांडीखाली घेऊन गायच्या. जयंतीची गाणी, खड्या आवाजात, मान किंचित वाकडी करून. सिंगापुरात नव्याने आलेल्या मला पहिल्या वर्षी रडू यायचं ते त्या आवाजाने थांबायचं. हे कुठल्याही फोटोत नाही, कारण तेव्हा ढोलकी सोडून फोटो काढायचं कुणाला सुचत नव्हतं.

मग मंडळ वाढलं. माणसं कॉन्डोत, म्हणजे गार्ड आणि स्विमिंग पूल असलेल्या खासगी सोसायट्यांत, राहायला गेली, कार्यक्रम फंक्शन रूममध्ये होऊ लागले. एका जयंतीला कार्यक्रम आमच्याच कॉन्डोत होता. वत्सलाताई गायला बसल्या. मित्राने आपल्या पांढऱ्या फ्रॉकवर सरबत सांडलं, म्हणून मी तिला घेऊन वर घरी गेले. खाली आले तेव्हा जेवणाच्या प्लेटा वाजत होत्या, ढोलकी कोपऱ्यात उभी होती आणि वत्सलाताई निघून गेल्या होत्या. त्यानंतर त्या मंडळात आल्या नाहीत. त्यांचा गुडघा दुखतो, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणत आले.

आता अंकलची पद्धत हातात होती, तेव्हा हेही विचारलं. त्या संध्याकाळी काय झालं? सचिव आनंद म्हणाला, गार्डने आवाजाची तक्रार केली म्हणून माईक बंद करावा लागला. एकजण म्हणाली, गार्ड नाही, स्विमिंग पूलपाशी बसलेल्यांपैकी कुणीतरी आलं होतं. एकाच्या मते स्पीकरच बिघडला. आणखी एकाच्या मते गाणं संपलंच होतं. मी म्हटलं, संपलं असतं तर माईक बंद करायचा प्रश्न कुठे येतो? तो म्हणाला, वहिनी, तुम्ही फार खोलात जाता.

माझी नोकरी हार्बरफ्रंटला, जहाज कंपनीत. कुठलं जहाज कधी धक्क्याला लागणार याची वेळापत्रकं जुळवायची. त्या दिवसांत खिडकीतून समोरचं सेंटोसा बेट दिसायचं नाही, केबल कारचे डबे धुरात शिरायचे आणि दिसेनासे व्हायचे. तिथे बसून मी अंकलच्या उशिरा पोचण्याचा विचार करायची. हे प्रकरण मला मनापासून कळत होतं, कारण जहाज उशिरा आलं की कुणाच्या तरी माथी मारावं लागतं, हे मी रोज बघते. शहराला वेढा पडला, त्याला निरोप गेला, तो सात जहाजं घेऊन तातडीने निघाला आणि त्याच दिवशी संध्याकाळी पोचला. तोवर शहर शरण गेलं होतं. जवळचं बंदर तेवढं त्याने वाचवलं. आमच्याकडे अशा वेळी वाऱ्याचा दोष, पाण्याचा दोष, आधीच्या बंदराचा दोष, असा लांबलचक खुलासा जातो. अंकलने एवढं मोठं पुस्तक लिहिलं, त्यात स्वतःची बाजू मांडायला त्याला कुणी अडवलं नव्हतं. त्याने काय झालं ते सांगितलं, आणि नंतर एका ठिकाणी, या मोहिमेनंतर मला वीस वर्षं हद्दपार व्हावं लागलं, त्यामुळे दोन्ही बाजू बघायला निवांतपणा मिळाला, एवढंच. कुरकुर नाही. मला हे वाचून आदर वाटायला हवा होता. मला संताप आला. इतकं सरळ लिहिता येतं, तर आमच्या मंडळाला एका गाण्याचं का लिहिता येत नाही?

अर्थात अंकलही काही अगदी संत नव्हता. एका पुढाऱ्यावर त्याचा दात होता आणि त्या माणसाविषयी त्याने धड एक शब्द लिहिलेला नाही. हे मित्रानेच मला दाखवलं, जरा खट्टू होऊन. मला मात्र बरं वाटलं. राग मनात ठेवूनही माणूस नव्वद टक्के खरं लिहू शकतो, म्हणजे मलाही आशा होती.

एका शनिवारी मास्क लावून हौगांगला गेले. वत्सलाताईंनी दार उघडलं, मला आत ओढलं आणि दार घाईने लावलं, धूर येऊ नये म्हणून. गुडघे ठणठणीत होते. त्या तुरुतुरु स्वयंपाकघरात गेल्या आणि खीर घेऊन आल्या.

मी विचारलं. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत.

"गात होते. चारातली दोन कडवी झाली नि आवाज गेला. म्हणजे माझा नाही, माईकचा. मला सांगितलं, गार्डची तक्रार आहे. मी म्हटलं, अरे देवा, आपल्यापायी त्या बिचाऱ्याला बोलणी बसायची. दुसऱ्या दिवशी लाडू घेऊन गेले त्याच्याकडे. सॉरी म्हणायला."

"मग?"

"त्याला काही माहीतच नाही गं. म्हणतो, आँटी, नोबडी कम्प्लेन. लाडू घेतले त्याने. मी बसस्टॉपवर येऊन बसले. बस आली, गेली. मग दुसरी आली तेव्हा उठले."

त्यांनी माझ्या वाटीत आणखी खीर वाढली.

"गाणं थांबवलं त्याचा राग नाही मला, सुजाता. मोठमोठे लोक राहतात तिथं, नको असेल गाणं, तर ताई पुरे म्हणायचं. मी काय अडून बसले असते? आपल्या माणसांना आपल्या गाण्याची लाज वाटली आणि नाव त्या परक्या माणसाचं पुढे केलं. आता लिहितेच आहेस तर एवढं लिही. तक्रार नव्हती म्हणून. माझं नाव नसलं तरी चालेल."

घरी आले तेव्हा मिलिंद जमिनीवर बसून एअर प्युरिफायरची जाळी पुसत होता. त्या दिवशी माईक कुणी बंद केला, मी विचारलं. मला वाटत होतं तो आनंदचं नाव घेईल.

"मी. का?"

"तक्रार होती गार्डची?"

"गार्डची नाही. पण सगळे बघत होते ना. पूलपाशी पार्टी चालू होती, काचेतून वळून वळून बघत होते. इथे आपल्याला काय म्हणून ओळखतात, विचार कर जरा."

"काय म्हणून ओळखतात?"

त्याने जाळी उजेडात धरली आणि परत पुसायला लागला. "काहीतरी कारण सांगावं लागतं माणसाला. तिला वाईट वाटू नये म्हणूनच सांगितलं. एवढं काय त्यात?"

हाच मिलिंद लग्नानंतर मला सांगायचा, की नागपूरला वस्तीत जयंतीच्या कार्यक्रमात त्याची आई गायला बसायची आणि तो तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचा; ढोलकी थांबली की जाग यायची. त्या मुलाने ढोलकी थांबवली. मला त्याचा भयंकर राग आला. आणि त्याहून जास्त राग याचा आला, की त्याचं म्हणणं मला थोडंसं कळत होतं. काचेपलीकडून कुणी बघितलं की माझीही पाठ आपोआप ताठ होते. प्रश्न विचारणाऱ्या राजाचं नाव लावणारा माझा नवरा त्या दिवशी पुढच्या प्रश्नांना उत्तरं देईना.

मी लेख लिहिला. हौगांगची सतरंजी लिहिली, चपला, खीर, ढोलकी लिहिली. आणि शेवटी, काही रंग न भरता, अंकलसारखं एकच वाक्य: त्या संध्याकाळी वत्सलाताई गात असताना माईक अध्यक्षांनी बंद केला, कुणाचीही तक्रार आलेली नव्हती.

समितीची बैठक आमच्याच हॉलमध्ये झाली, खिडक्या बंद, प्युरिफायर घरघरतोय. आनंद म्हणाला, वहिनी, स्मरणिका म्हणजे आनंदाची गोष्ट, जुनी उणीदुणी कशाला? एकजण म्हणाली, आपली आपसातली गोष्ट छापून बाहेर का न्यायची, आधीच लोक आपल्याकडे कसे बघतात ते माहितीये ना. हे ती चिडून नाही, कळवळून म्हणाली, आणि तिचंही मला पुरतं खोडून काढता आलं नाही. मिलिंद सगळे गेल्यावर बोलला.

"मी नवरा आहे तुझा."

"म्हणूनच तुझं नाव नाही घातलं. अध्यक्ष लिहिलंय."

"अध्यक्ष कोण आहे ते लहान पोरालाही माहितीये."

"मग प्रश्नच मिटला."

तेव्हा मला अंकलचा हेवा वाटला. त्याला हद्दपार केलं हे त्याच्या पथ्यावरच पडलं. ज्यांच्याविषयी लिहायचं त्यांच्याबरोबर संध्याकाळी भाजी काय करायची हे त्याला ठरवावं लागत नव्हतं. घरात राहून, त्याच पलंगावर झोपून, खरं लिहायची पद्धत त्याने कुठे सांगितली असेल तर मित्राने ते पान मला दाखवलं नाही.

तरी लेख गेला. मिलिंदने अडवला नाही, एवढं मी त्याच्या बाजूने लिहिते. कार्यक्रमाच्या दिवशी स्मरणिकेचे गठ्ठे आले, नव्या शाईचा वास धुराच्या वासात मिसळला. मी माझं पान उघडलं. लेखाची शेवटची ओळ होती: त्या संध्याकाळी वत्सलाताई गात असताना.

बस. पूर्णविरामसुद्धा नाही. पान उलटलं तर पलीकडे एका केटररच्या हार्दिक शुभेच्छा, पांढरी टोपी घातलेला माणूस हसतोय.

मित्राने बघितलं आणि तिचे डोळे चमकले. "आई! सेम लाइक अंकल!" कारण अंकलचं पुस्तकही असंच तुटतं. युद्ध संपायच्या कितीतरी आधी, म्हणे एका वाक्याच्या मध्येच. तो आजारी पडला, की परतताना कुणी मारलं, की नुसताच थकला, कुणाला माहीत नाही. ज्याने दुसऱ्यांच्या मरणांची इतकी चौकशी केली त्याच्या मरणाची चौकशी करायला कुणी नव्हतं. पुढे दुसऱ्यांनी तिथून धागा उचलून उरलेलं युद्ध लिहिलं. तिला हे फार थोर वाटत होतं. मी तिला म्हटलं, गप्प बस आणि जेवून घे.

मी चौकशी केली, नाही असं नाही. मिलिंद म्हणाला, डिझाइन करणाऱ्याकडून चुकलं असेल. डिझाइन करणारा म्हणाला, फाइल अशीच आली होती. आनंद म्हणाला, जागाच कमी पडली, आणि केटररचं पान हलवता येत नव्हतं. एकाच गोष्टीची तीन कारणं, तिन्ही पटण्यासारखी. चोवीसशे वर्षांपूर्वीची साथ, वेढा, तह, सगळं एका माणसाने ताडून ताडून लिहिलं. मला माझ्या स्वतःच्या लेखाचं शेपूट कुणी छाटलं ते आजपर्यंत कळलेलं नाही.

एक प्रत मी हौगांगला पोस्टाने पाठवली होती. दोन दिवसांनी वत्सलाताईंचा फोन आला.

"सुजाता, छान लिहिलंस गं. चपलांचं वाचून हसले मी. पण माझ्या प्रतीत शेवटचं पान आलेलं नाही वाटतं. चिकटलंय का बघितलं, वाफसुद्धा देऊन बघितली. तुझ्याकडची पाठवशील का?"

मी म्हटलं, ताई, सगळ्याच प्रती तशा आहेत.

"अस्सं," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "तुमच्याकडे किती आहे गं हवेचा आकडा?"

त्या वर्षी पाऊस उशिरा आला. मित्राची परीक्षा झाली. आता ती परदेशात रसायनशास्त्र शिकते आणि अंकलचं पुस्तक वाचल्याचं तिला धड आठवतही नाही. मिलिंदनंतर दुसरे अध्यक्ष झाले. आनंद अजून मला वहिनी म्हणतो आणि बैठकीत माझ्यापासून दोन खुर्च्या लांब बसतो. सगळं सुरळीत आहे. मधूनमधून हौगांगच्या मार्केटात वत्सलाताई भेटतात, पिशवीत मेथी नाहीतर कोवळी भेंडी असते, आणि दर वेळी हसत हसत विचारतात, "सापडलं का गं पुढचं पान?" मीही हसते. गेल्या रविवारी भेटल्या तेव्हा दोघींच्या तोंडावर मास्क होते, त्यामुळे त्या हसत होत्या की नाही ते मला दिसलं नाही.

आणि काल मंडळाच्या नव्या सचिवांचा मेसेज आला. यंदा पुन्हा स्मरणिका. वाटचाल थोडक्यात द्या, मागचीच फाइल चालेल, शेवट तेवढा गोळीबंद करा.

अंकलची कीर्ती कशामुळे टिकली ते मला आता थोडं कळतं असं वाटतं. तो शहाणा होता म्हणून नाही, शहाणे खूप झाले. ज्या संध्याकाळी तो स्वतः कमी पडला, त्या संध्याकाळचं त्याने झालं तसं लिहिलं आणि वाऱ्यावर खापर फोडलं नाही. म्हणून बाकीच्या हजार पानांवर माणसं विश्वास ठेवतात. त्याचं अर्धं वाक्य पुरं करायला दुसरे आले. माझं पुरं करायला कोण येणार? वत्सलाताई सत्तरी ओलांडून गेल्या आहेत, आणि त्या दिवशी तिथे असलेले आम्ही हळूहळू खरोखरच गार्डच्या तक्रारीवर विश्वास ठेवू लागलो आहोत.

म्हणून हा लेख. मंडळाच्या स्मरणिकेसाठी नाही. हौगांगला पाठवायचा आहे. आज संध्याकाळी मिलिंदला वाचायला दिला. त्याने शेवटपर्यंत वाचला.

"अध्यक्ष काढलास?"

"काढला."

"आणि तक्रार नव्हती हे राहू द्यायलाच हवं?"

"तेवढंच तर मागितलं होतं त्यांनी."

तो उठून खिडकी घट्ट लागली आहे का ते बघून आला. कागद माझ्यासमोर टेबलावर ठेवले तेव्हा त्यांत एकही ओळ खोडलेली नव्हती. तेव्हा वत्सलाताई, पुढचं पान हे असं आहे.

त्या संध्याकाळी वत्सलाताई गात असताना माईक माझ्या नवऱ्याने, मिलिंदने, बंद केला. कुणाचीही तक्रार आलेली नव्हती, आणि गाण्याची दोन कडवी अजून बाकी होती.